अढी, लवण आणि अंगठा : पायांनी लटकण्याच्या तऱ्हा

प्रश्न : शहापूर तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत मी शिक्षिका आहे. आमच्याकडे पुरलेला मल्लखांब आहे आणि आठवी-नववीच्या काही मुली त्यावर चांगली अढी मारतात. हल्ली त्या मोबाइलवर पोल डान्सच्या चित्रफिती बघतात. त्यातली खेळाडू एकाच गुडघ्यात खांब अडकवते आणि दोन्ही हात सोडून उलटी लटकते. मुली विचारतात, "बाई, आम्ही दोन पायांनी धरतो, ती एका पायाने. मग अवघड कुणाचं?" पायांनी लटकण्याचे प्रकार कोणते, त्यांत फरक काय आणि मुलींना आधी काय शिकवावं?

उत्तर : बाई, तुमच्या मुलींचा प्रश्न नेमका आहे. त्याचं उत्तर खेळाडूच्या अंगात शोधण्याआधी खांबात शोधू या. अवघड-सोपं ठरवताना तीन गोष्टी बघायच्या : शरीराचा कोणता भाग खांबाला धरून आहे, कोणता मोकळा आहे, आणि पकड सुटलीच तर शरीर कुठल्या बाजूला पडेल. पायांनी लटकण्याची कुठलीही तऱ्हा या तीन प्रश्नांवर तपासता येते.

आधी तुमचा खांब घ्या. पुरलेला मल्लखांब जमिनीवर साधारण साडेआठ फूट असतो, सागाचा किंवा शिसवीचा. त्याचे तीन भाग : खालचं अंग, वरची बारीक मान आणि टोकावरचं बोंड. अंगाचा घेर तळाशी ५५ सेंटिमीटरच्या आसपास असतो आणि वर निमुळता होत ३० च्या जवळ येतो. पोल डान्सच्या स्पर्धेतला खांब धातूचा, वरपासून खालपर्यंत एकसारखा आणि ४५ मिलिमीटर व्यासाचा असतो. म्हणजे त्याचा घेर जेमतेम १४ सेंटिमीटर. गुडघ्यामागच्या लवणीत १४ सेंटिमीटर घेराचा खांब छान बसतो आणि पोटरी मांडीकडे ओढली की तिथेच अडकून राहतो. मल्लखांबाचं अंग त्या लवणीत मावतच नाही. त्यामुळे तिथे एका गुडघ्याने काम भागत नाही, दोन्ही पायांची कवळ घालावी लागते. तुमच्या मुली दोन पाय वापरतात त्याचं कारण हे. कसब कमी म्हणून दोन पाय लागतात, असं मुळीच नाही.

साध्या अढीत खेळाडू हातांनी खांब धरून उलटा होतो, पाय वर नेऊन खांबाला कवळ घालतो आणि एका पायावर दुसरा पाय चढवून ती कवळ बंद करतो. डोकं खाली, मांड्या आणि पोटऱ्या लाकडाला घट्ट. पकड पक्की झाली की हात सुटतात. आता खांबाचा निमुळतेपणा कामाला येतो. पायांचं कडं बंद आहे, त्याचं माप ठरलेलं आहे. ते खाली घसरू लागलं तर खांब जाड होत जातो आणि कडं आपोआप आवळलं जातं. बांगडी मनगटावरून कोपराकडे सारली की जशी रुतून बसते, तसंच. म्हणून अढीची मदार पाय बंद ठेवण्यावर आहे. मांड्यांचा दाब थोडा कमी पडला तरी खांब सांभाळून घेतो, पण कैची उघडली तर काहीच सांभाळत नाही. मुलींना हे एवढं समजावून सांगा : अढीत ताकद घोट्याशी संपते, आणि लक्षही तिथेच हवं.

धातूच्या खांबाला असा निमुळतेपणा नाही. तिथे घसरणं थांबवतं ते कातडीचं घर्षण आणि शरीराच्या वजनाची मांडणी. या लटकण्याच्या दोन मुख्य तऱ्हा आहेत. खांब तुमच्या उजव्या हाताला आहे असं समजा. मग उजवा पाय आतला आणि डावा बाहेरचा.

बाहेरच्या पायाने लटकण्याला बहुतेक ठिकाणी जेमिनी म्हणतात. यात डावा पाय अंगासमोरून खांबाकडे येतो आणि त्याची लवण खांबाला अडकते. पाय असा आडवा आल्यामुळे कंबरेला पीळ पडतो आणि उजव्या बाजूची कंबर खांबावर दाबली जाते. म्हणजे वर गुडघा एका बाजूने ओढतो, खाली कंबर दुसऱ्या बाजूने दाबते. धड बाहेर झुकेल तसे हे दोन्ही दाब वाढतात. लटकणारीचं वजनच तिची पकड घट्ट करतं. म्हणून बहुतेक शिकणाऱ्यांना ही तऱ्हा आधी जमते.

आतल्या पायाने लटकण्याला स्कॉर्पिओ म्हणतात. खांब उजवीकडे, अडकलेली लवणही उजव्याच पायाची. इथे तो पीळ नाही, त्यामुळे कंबरेचा भक्कम टेकूही तसा मिळत नाही. धडाची बाजू, काखेखालचा बरगड्यांचा भाग खांबाला लावून शरीर सावरावं लागतं. खांद्याची दिशा थोडी चुकली तरी धड खांबापासून सुटू बघतं. दिसायला दोन्ही सारख्याच, पण शिकणारीच्या मनात भीती जास्त असते ती या दुसरीची. उलटं झाल्यावर आतला पाय कुठला आणि बाहेरचा कुठला याचा गोंधळही बहुतेकांचा होतो. म्हणून चांगले शिक्षक जमिनीवर उभं असतानाच पायाला हात लावून आधी पाय ओळखायला लावतात.

या दोन्हींत मोकळा पाय कुठे ठेवायचा यावरून पुढचे उपप्रकार होतात. तो सरळ ताणला, मागे दुमडून हाताने धरला किंवा खांबाला समांतर नेला की तोल बदलतो आणि आकृतीही बदलते. अडकलेल्या पायाचं काम मात्र बदलत नाही : टाच ढुंगणाकडे ओढलेली, गुडघा मिटलेला. चित्रफितीत आपली नजर हवेतल्या सुंदर पायाकडे जाते. मुलींना पुढच्या वेळी दुसऱ्या पायाकडे बघायला सांगा, सगळा खेळ तिथे आहे.

तिसरी तऱ्हा दोरीच्या मल्लखांबाची. दोरी इतकी बारीक की तिच्यासाठी गुडघ्याची लवणही मोठी पडते. म्हणून तिथे पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यात दोरी चिमटीत धरतात आणि ती मांडीवरून, कंबरेवरून फिरवून वेढे घेतात. दोरीला कुठेही गाठ मारायची नाही हा नियम. इथे पकड आणि वेढा दोन्ही लागतात. वेढ्याचा क्रम चुकला तर अंगठा कितीही बळकट असला तरी उपयोग नाही. हा प्रकार ताकदीइतकाच स्मरणशक्तीचा आहे.

चौथा टांगता मल्लखांब. हा आखूड खांब साखळीने लटकवलेला असतो, त्यामुळे तो झुलतो आणि स्वतःभोवती फिरतोही. पोल डान्समध्येही स्थिर आणि फिरता असे दोन खांब असतात. फिरत्या खांबावर तीच पकड जड वाटते, कारण गिरकीचा वेग शरीराला बाहेर ओढतो. हात-पाय खांबाजवळ घेतले की गिरकी वाढते, लांब पसरले की मंदावते.

आता मुलींच्या प्रश्नाचं उत्तर. एका पायाने लटकणारीला कातडीची आग सोसावी लागते आणि धडाची दिशा अचूक ठेवावी लागते. तुमच्या मुलींना जाड, तेलकट लाकडावर दोन्ही पायांची कैची टिकवावी लागते आणि ती झटक्यात घालावी लागते, कारण मल्लखांबात चपळाईलाही गुण आहेत. दोघींनी खांबांची अदलाबदल केली तर दोघींनाही पहिल्यापासून शिकावं लागेल. अमुक मोठं आणि तमुक छोटं असं इथे काही नाही, आणि हे मुलींना ठासून सांगा. गावातल्या मुलीला पडद्यावरचं सगळं आपल्यापेक्षा वरचढ वाटतं. इथे तसं वाटण्याचं कारण नाही.

शिकवण्याचा क्रम असा ठेवा. आधी खांबावर चढून पायांच्या जोरावर बसणं आणि नीट उतरणं. मग भिंतीच्या आधाराने हातांवर उभं राहणं, म्हणजे उलटं जग डोळ्यांच्या ओळखीचं होतं. मग साधी अढी, पण हात न सोडता. पुढे एक हात सोडणं, मग दोन्ही. प्रत्येक पायरीवर अढीतून परत वर येणं किंवा हात टेकून खाली येणं पक्कं झाल्याशिवाय पुढची पायरी नाही. लटकणं शिकवायला सोपं असतं. उतरणं शिकवायला वेळ लागतो आणि अपघात उतरतानाच होतात. दोन्ही बाजूंनी सारखा सराव घ्या, नाहीतर मूल एकाच अंगाने वाढतं. एका गुडघ्याने लटकण्याची हौस असेल तर अढी मुरल्यावर, खांबाच्या मानेशी, खाली जाड गादी आणि शेजारी जाणता शिक्षक असताना. फार मान दुखणारी, चक्कर येणारी किंवा डोळ्यांच्या दाबाचा त्रास असलेली मुलगी असेल तर तिला डॉक्टरांना विचारल्याशिवाय उलटं करू नका.

प्रश्न : पोल डान्स हा आपल्या मल्लखांबावरूनच उचलला आहे असं आमच्या मुरबाडच्या तालमीत म्हणतात. खरं आहे का?

उत्तर : तसा धागा जोडता येत नाही, आणि जोडायची गरजही नाही. मल्लखांबाचं मूळ कुस्तीत आहे. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' या ग्रंथात मल्लांच्या खांबावरच्या व्यायामाचा उल्लेख येतो. मधल्या काळात मागे पडलेली ही विद्या पुन्हा उभी केली ती दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी. मल्लाला खांबावर जी पकड, जो पीळ आणि जी निसटण्याची चपळाई मिळते ती आखाड्यात कामी येते. कवळ, कैची, बगल हे शब्द कुस्तीतही आहेत आणि खांबावरही. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे आपल्या खेळांची प्रात्यक्षिकं केली, तेव्हा परदेशातल्या लोकांनी मल्लखांब पाहिला.

पोल डान्सची आजची घडण पाश्चात्त्य देशांतल्या करमणुकीच्या रंगमंचावर आणि पुढे व्यायामशाळांत झाली, आणि चिनी सर्कशीतल्या खांबाच्या कसरतींचंही तिच्याशी नातं सांगतात. आता तिच्या जागतिक स्पर्धा होतात आणि त्यांत प्रत्येक पकडीचे नियम लिहिलेले असतात. दोन वेगळ्या वाटांनी आलेले खेळ सारखे दिसतात, कारण माणसाचा गुडघा सगळीकडे एकाच बाजूला मिटतो आणि उभ्या खांबाला उलटं लटकायचं तर धरायला जागा मोजक्याच आहेत : लवण, मांडी, काख, कंबर, घोटा, अंगठा. मल्लखांबाची थोरवी सांगायला दुसऱ्या खेळाला आपला वंशज ठरवावं लागत नाही. अढी, तेढी, बगली, दसरंग, फिरकी, सुईदोरा, वेल, उतरती, ताजवे अशी जी उड्यांची घराणी आपल्याकडे बांधली गेली, तीच पुरेशी आहेत.

प्रश्न : मुरबाडजवळच्या गावात राहते. मुलगी मल्लखांबाला जाते. कपडे इतके तोकडे का लागतात, आणि अंगाला एरंडेल लागून येतं ते कशासाठी? मांड्या लाल होऊन येतात, काळजी वाटते.

उत्तर : ताई, काळजी रास्त आहे, पण या तिन्ही गोष्टींना कारण आहे. पकड कातडीची असते. धातूच्या खांबावर तर उघड्या कातडीशिवाय लटकताच येत नाही. सुळसुळीत कापडाचा थर मध्ये आला की खेळाडू सरळ खाली येते. मल्लखांबावरही सैल कपडा पायात गुंततो किंवा डोळ्यांवर येतो. अंगाला घट्ट बसणारा, मांड्या मोकळ्या ठेवणारा पोशाख हे म्हणूनच सुरक्षेचं साधन आहे, जसं विहिरीत उतरणाऱ्याच्या कमरेला दोर. सरावाची जागा नीट आडोशाची असावी, शिकवायला बाई असाव्यात, प्रात्यक्षिकाची चित्रफीत तुम्हाला विचारल्याशिवाय कुणी काढू नये, एवढा आग्रह तुम्ही जरूर धरा. तो तुमचा हक्क आहे.

एरंडेल खांबाला चोळतात. त्याने लाकूड चिरत नाही आणि सरकताना कातडी सोलवटत नाही. हातांना लावायला राळेची पूड वापरतात, तिने पकड येते. धातूच्या खांबावर याच्या उलट : तिथे तेल, मलम काहीच चालत नाही, खांब सारखा पुसून कोरडा ठेवतात. मांड्या आणि लवणीतली लाली सुरुवातीचे काही आठवडे राहते, मग कातडी सरावते. सरावानंतर कोमट पाण्याने धुऊन खोबरेल लावा. पण साल निघाली असेल, पू दिसत असेल किंवा गुडघ्यामागे आतून कळ येत असेल तर सराव थांबवून डॉक्टरांकडे न्या. कातडीची आग आणि शिरेची कळ यांतला फरक मुलीला आत्ताच ओळखायला शिकवा.

प्रश्न : खर्डीजवळ आमची जमीन आहे. बांधावर सागाचं जुनं झाड आहे. त्याचा खांब करून गावातल्या मुलांसाठी पुरला तर चालेल?

उत्तर : कल्पना फार चांगली आहे. शहापूरच्या रानात साग पुष्कळ, आणि मल्लखांबाला साग चांगला. पण झाड स्वतःच्या बांधावर असलं तरी सागाच्या तोडीला आधी वनखात्याची परवानगी घ्यावी लागते. ती मिळाल्यावरही ओलं खोड लगेच पुरू नका. ते सावलीत नीट वाळू द्या, नाहीतर खेळता खेळता चिरा पडतील आणि चीर म्हणजे मांडीत घुसणारी सळ. सुतार मल्लखांब केलेला हवा : निमुळतेपणा एकसारखा, मान आणि बोंड तासून गुळगुळीत, कुठे गाठ नाही. जमिनीत पुरेसा खोल पुरा, पाचरी मारून भक्कम करा, भोवती माती भुसभुशीत ठेवा आणि वर गाद्या टाका. पावसात झाकून ठेवा.

आणि एक गोष्ट खांबाहून महत्त्वाची. आपल्याकडची कातकरी-ठाकर मुलं आंब्या-जांभळावर सरसर चढतात, म्हणून ती मल्लखांबावरही आपलीआप चढतील असं मोठ्या माणसांना वाटतं. झाडाला खरबरीत साल आहे, धरायला फांद्या आहेत आणि तिथे माणूस डोकं वर ठेवून चढतो. मल्लखांबावर यातलं काहीच नाही. मुलांची तळपायांची आणि हातांची ताकद कामी येईल, पण उलटं लटकणं त्यांनाही पहिल्यापासूनच शिकवावं लागेल. शिक्षक मिळेपर्यंत खांब पुरू नका.

प्रश्न : किन्हवली भागातला दहावीचा विद्यार्थी आहे. मल्लखांब चांगला येतो. आमच्यासारख्यांना यात पुढे काही वाव आहे का? चांगले खेळाडू कुठे बघायला मिळतील?

उत्तर : वाव आहे, आणि तो गेल्या काही वर्षांत वाढला आहे. मुंबईत शिवाजी पार्कला १९२५ पासून श्री समर्थ व्यायाम मंदिर आहे. तिथे २०१९ च्या फेब्रुवारीत मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली. तिथले प्रशिक्षक उदय देशपांडे यांना २०२४ साली पद्मश्री जाहीर झाली. हिमानी परब आणि सागर ओव्हाळकर या मल्लखांबपटूंना अर्जुन पुरस्कार मिळाले आहेत. २०२२ च्या जूनमध्ये पंचकुलाला झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धांत मल्लखांबाचा समावेश झाला, आणि त्यात मुलं-मुली दोघांनाही जागा आहे. तू आसनगाव किंवा आटगावला लोकल पकडलीस तर दादरला उतरून शिवाजी पार्क चालत गाठता येतं. एकदा शिक्षकांना बरोबर घेऊन संध्याकाळचा सराव बघायला जा. जाताना वही ने. कोण किती वेळ लटकतो ते बघू नकोस. पाय बंद कुठे करतो, हात कधी सोडतो आणि खाली कसा येतो ते टिपून घे.

आपल्या भागासाठी सगळ्यांत जवळचं उदाहरण मात्र छत्तीसगडचं आहे. अबूझमाडच्या जंगलातली, नारायणपूरची आदिवासी मुलं मल्लखांब शिकली, राष्ट्रीय स्पर्धांत उतरली आणि २०२३ साली टीव्हीवरच्या 'इंडियाज गॉट टॅलेंट' या कार्यक्रमाचं दहावं पर्व त्यांनी जिंकलं. त्या गावांत शहापूर-मुरबाडपेक्षा सोयी जास्त नव्हत्या. तिथे एक नेटाने शिकवणारा माणूस होता आणि रोज येणारी मुलं होती. शहापूर-मुरबाडच्या आश्रमशाळांत मुलं आहेतच, आणि ती वर्षभर एका ठिकाणी राहतात. रोजच्या सरावाला याहून सोयीची जागा दुसरी नाही. जिल्हा क्रीडा कार्यालयाकडे प्रशिक्षकाची मागणी लेखी करा, शाळेच्या शिक्का-सहीनिशी. उत्तर आलं नाही तर पुन्हा करा. तुझी स्वतःची अढी पक्की असेल तर तोवर धाकट्यांना चढणं आणि उतरणं तूच शिकवू शकतोस, मात्र शाळेच्या शिक्षकांसमोर आणि गादी टाकूनच.